आण्णांची पुस्तकं किलोवर घालू नकोस

ब्रिस्टल

प्रिय बंड्या,
अनेक आशीर्वाद.

शहापूरचं घर भाड्यानं द्यायचं ठरलं ते बरं झालं. बेळगावच्या पावसात बंद घर टिकत नाही. पण माळ्यावरची आण्णांच्या लायब्ररीची पुस्तकं ‘किलोवर घालून मोकळा होतो’ म्हणालास, तेवढं करू नकोस. फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतोस आणि शेवटी आपल्याच मनासारखं करतोस, म्हणून हे लेखी. आईलाही वाचून दाखव, म्हणजे साक्षीदार राहील.

मी इथं जुनी पेपरबॅक गोळा करते यावरून तुम्ही मला पुरेसं हसून झालेलं आहे. ‘वाचत नाहीस तर घेतेस कशाला?’ हा तुझा प्रश्न. मी ती मुखपृष्ठांसाठी घेते, आणि त्याहून जास्त ती मुखपृष्ठं काढणाऱ्यांसाठी. इथं धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानं गल्लोगल्ली असतात, उन्हाळ्यात रविवारी मैदानात लोक गाड्यांच्या डिकीतून घरातलं सामान विकतात. तिथं पौंड-दोन पौंडांत साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं पुस्तक मिळतं. कागद पिवळा, कडा कुरतडलेल्या, पण वरचं चित्र अजून नजर धरून ठेवतं.

स्वस्त पेपरबॅकची इथली कहाणी सुरू होते ती ब्रिस्टलपासून रेल्वेनं तासाभरावरच्या एक्सेटरला. ॲलन लेन नावाच्या प्रकाशकाला १९३४ साली तिथल्या फलाटावर वाचण्याजोगं काहीच मिळालं नाही आणि त्यातून पेंग्विनची कल्पना निघाली, असं सांगतात. १९३५ मध्ये पहिली दहा पुस्तकं आली, किंमत सहा पेन्स, म्हणजे तेव्हाच्या दहा सिगारेटींच्या पाकिटाएवढी. कादंबरीला नारिंगी पट्टे, रहस्यकथेला हिरवे, चरित्राला गडद निळे. चित्र म्हणून काय, तर तो पेंग्विन पक्षी. एडवर्ड यंग नावाच्या पोरसवदा कारकुनाला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पाठवून तो काढून घेतला होता. हाच यंग पुढं दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पाणबुडीचा कप्तान झाला. अशी माणसं या धंद्यात पावलोपावली भेटतात.

आण्णांकडंही ती नारिंगी पट्ट्यांची पुस्तकं होती. कॅम्पात लष्करी साहेबांच्या सामानाचा लिलाव व्हायचा, तिथून ते इंग्रजी पुस्तकांचे गठ्ठे आणायचे. पण पेंग्विन कुणी नेत नसे. शहापुरात पट्टा बघून पुस्तक कोण नेणार? खपायची ती पॅनची. पॅन बुक्स १९४४ ची कंपनी, बासरीवाल्या पॅन देवाचं तिचं बोधचिन्ह मर्व्हिन पीक या लेखक-चित्रकारानं काढलेलं. पॅनच्या मुखपृष्ठावर सगळं असायचं: पिस्तूल, उलटलेली गाडी, घाबरलेली बाई, आणि मागं धुकं. इंग्रजी न येणारी गिऱ्हाइकंसुद्धा ती चाळून परत ठेवायची.

त्यातल्या पुष्कळ पुस्तकांवर चित्रकाराचं नाव आत कुठंच छापलेलं नसतं. लेखक आहे, प्रकाशक आहे, छापखाना आहे, आणि ज्या चित्रावर पुस्तक उचललं गेलं त्याचा मालक बेपत्ता. मग भिंग घेऊन बसायचं. एका कोपऱ्यात, बुटाच्या टाचेजवळ किंवा पडद्याच्या चुणीत, चार इंग्रजी अक्षरं दिसतात: ‘पेफ’. हे सॅम पेफर, जन्म १९२१, मृत्यू २०१४. पॅनसाठी त्यांनी ढिगानं मुखपृष्ठं रंगवली. त्यांची सही एकदा ओळखीची झाली की पुढं सही कापली गेली असली तरी हात ओळखू येतो. नाकावर पडलेला उजेड, बोटांची ठेवण. आण्णा दुरून चाल बघून सांगायचे ना, ‘तो बघ वडगावचा मास्तर आला’, तसंच.

पेंग्विनवाले नंतर शहाणे झाले. १९६१ साली रोमेक मार्बर या पोलंडहून आलेल्या चित्रकारानं त्यांच्या हिरव्या रहस्यकथांना नवा साचा आखून दिला: वरच्या तिसऱ्या हिश्श्यात बारीक आडव्या रेघा, त्यात नाव आणि लेखक, खालचे दोन हिस्से चित्राला मोकळे. नाझींच्या छळातून वाचलेला हा माणूस खुनांच्या गोष्टींना इतकी शांत मुखपृष्ठं कशी देत होता, कोण जाणे. त्या काळापासून पेंग्विनच्या मागच्या पानावर मुखपृष्ठकाराचं नावही येऊ लागलं. पेंग्विनचा जुना दप्तरखाना इथल्याच विद्यापीठात आहे, ब्रिस्टलला राहण्याचा माझा एवढाच स्वार्थ समज.

आता आपल्याकडचं. आपल्या चांगल्या प्रकाशकांनी या बाबतीत साहेबाच्या पुढंच मजल मारली होती, असं माझं ठाम मत आहे. जुनी मराठी पुस्तकं उघड, ‘मुखपृष्ठ : दीनानाथ दलाल’ ही ओळ कितीतरी पुस्तकांत सापडेल. दलाल नुसते नावाला नव्हते, त्यांचं नाव बघून पुस्तक नेणारे लोक होते. दलाल १९१६ चे, मडगावचे. रघुवीर मुळगावकर १९१८ चे, तेही गोव्याचेच. म्हणजे चोर्ला घाट उतरला की ज्यांचा मुलूख, त्या दोघांनी मुंबईत बसून अख्ख्या महाराष्ट्राच्या घराघरांत चित्रं पोचवली. दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’ हा अंक काढला, मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’. आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर जी लक्ष्मी होती, तिच्या गालावरचा तो मऊ उजेड आठवतो? तसा उजेड मुळगावकर स्प्रेनं आणायचे. आणि तोच हात बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांना मुखपृष्ठं देत होता. एकाच हातानं देव्हाऱ्यातली लक्ष्मी आणि पिस्तूलवाला नायक! आजीला हे कळलं असतं तर तिनं कॅलेंडर उतरवलं असतं.

पण खाली उतरलं की आपल्याकडंही तोच अंधार. एसटी स्टँडवर विकली जाणारी पातळ पॉकेटबुकं, पिना मारलेली, खरखरीत कागदाची. त्यांवर बहुतेकदा चित्रकाराचं नाव नाही. सही असली तर आहे, नाहीतर नाही. मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांनी मोठ्या लेखकांची पुस्तकं जपली, ही कुणी जपली नाहीत. ती टिकली असतील तर आण्णांसारख्यांच्या, घरी वाचायला पुस्तकं देणाऱ्या लायब्ऱ्यांच्या गठ्ठ्यांतच. म्हणून तुझा रद्दीवाला माझ्या पोटात गोळा आणतो.

आण्णांना मुखपृष्ठ म्हणजे दुकानाची पाटी होती. नवीन आलेलं पुस्तक ते दारातल्या सुतळीला कपड्याच्या चिमट्यानं लावायचे. बायका नाव विचारतच नसत, ‘ती पिवळ्या लुगड्याची आली काय हो परत?’ म्हणायच्या, आणि आण्णा न चुकता तेच पुस्तक काढून द्यायचे. चित्र फाटू नये म्हणून आतून खळीनं जाड कागद चिकटवायचे, पाठीला खाकी पट्टी, तिच्यावर निळ्या शाईत नंबर. मी त्या खळीच्या वासात बसून चित्रं बघायची आणि आजी ओरडायची, ‘काय बघायलीस गं एवढं त्यात?’ याच पट्ट्यांखाली काही सह्या दडलेल्या आहेत. पट्टी कोरडी ओरबाडलीस तर सही तिच्याबरोबर निघून येईल. तिला हातच लावू नकोस, मी आले की बघेन.

मागच्या खेपेला माळ्यावर एक पॉकेटबुक मी घाईत उचलून बघितलं होतं. लाल कोटातला माणूस, मागं कौलारू घर, उजव्या कोपऱ्यात त्रिकोण आणि त्यात ‘म’सारखं एक अक्षर. फोटो काढून आणला. भिंगाखाली बघितलं तर रंगाचे ठिपके एकमेकांवरून सरकलेले दिसतात, लाल रंग कोटाच्या बाहेर केसभर सांडलाय. म्हणजे तिरंगी ब्लॉक, तीन रंगांचे ठसे एकावर एक, आणि छापताना कागद हललेला. काम घाईचं, छपाई स्वस्तातली; पण त्या माणसाचा खांदा असा काढलाय की तो आता वळणार हे कळतं. ज्यानं तो काढला त्याला समोर माणूस बसवून चित्र काढायचं शिक्षण मिळालेलं होतं, यात मला शंका नाही.

बेळगावात असं शिक्षण मिळत होतंच. के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली चित्रकारांच्या पिढ्या तयार झाल्या. १९३५ साली बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी, पुढं जाहिरात आणि बोधचित्रांच्या क्षेत्रात केवढं नाव झालं त्यांचं, पार नैरोबीपर्यंत जाऊन काम करून आले. तेव्हा ‘त्रिकोणातला म’ सरांच्याच कुणा शिष्याचा असेल असं म्हणायचा मलाही मोह होतो. पण हा मोह वाईट. या छंदात लोक आवडत्या नावाला चित्र चिकटवतात आणि मग ते नाव कायमचं बसतं. त्याच सहीची आणखी पुस्तकं हवीत, त्यांवरचा छापखाना आणि साल हवं. एकाच छापखान्याची निघाली तर धागा लागेल. ती पुस्तकं त्याच माळ्यावर असणार, कारण आण्णा एका प्रकाशकाचा माल एकदम उचलायचे.

तेव्हा आता काय करायचं ते ऐक. पाऊस लागायच्या आत एका शनिवारी गडहिंग्लजहून सकाळच्या गाडीनं जा, पिंकीला बरोबर ने. तिला म्हणावं, आत्याचं काम आहे. प्रत्येक पुस्तकाचं मुखपृष्ठ, मागचं पान आणि छापखान्याचा पत्ता असलेलं पान, एवढ्यांचे फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढायचे, फ्लॅश नको. पुस्तकं उन्हात पसरू नकोस, लाल आणि पिवळा रंग आधी उडतो. सावलीत वाऱ्यावर ठेव, कसर झटक. वाळवी लागलेलं काही असलं तर ते वेगळं बांध, बाकीच्यांत मिसळू देऊ नकोस. फाटक्याला सेलोटेप अजिबात लावायची नाही, तिचा डाग नंतर निघत नाही. प्लास्टिकच्या पिशवीतही भरू नकोस, आत दमट होऊन बुरशी धरते; साध्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेव. पॉकेटबुकांच्या पिना गंजल्या असतील, त्या उपटायच्या नाहीत.

कन्नड पुस्तकं निघतील, तीही ठेव. आपल्याला वाचता येत नाहीत म्हणून बाजूला काढशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. समोरच्या अक्कांसाठी आण्णा धारवाडहून मनोहर ग्रंथमालेची पुस्तकं मागवायचे, आणि अक्का बदल्यात मराठी मासिकं न्यायच्या. त्यांवरची चित्रं कुणाची, हे अक्कांच्या लेकाला विचार, त्याला कन्नड आणि मराठी दोन्ही येतं. आत चित्रकाराचं नाव असलं तर देवनागरीत लिहून घे.

भाडेकरूशी करार करताना माळा आपल्याकडं राहील असं लिहून घे, किंवा ट्रंका सरळ गडहिंग्लजला आण. आई कुरकुर करेल, पण तिच्या खोलीतल्या लोखंडी कॉटखाली दोन मावतात, मी मापं घेऊन ठेवली आहेत.

आईला नमस्कार, पिंकीला गोड पापा.

तुझी,
ताई

ता. क. रद्दीवाल्यानं किलोला काय भाव सांगितला होता ते कळव. वजन करून तेवढे पैसे मी पाठवते, वर पाच रुपये जास्त. मग तर तुझं नुकसान नाही?