चि. मनूस, भूतानमधल्या वांगदूच्या पत्त्यावर

चिपळूण, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा तुझा मेसेज आईने वाचून दाखवला. माझ्या फोनवर का पाठवला नाहीस ते मला कळतं. स्टेशनवर सोडायला आलो नाही, हे माझं चुकलंच. रिक्षा वळेपर्यंत खिडकीत उभा होतो, तू वर पाहिलं नाहीस. आदल्या रात्री जेवताना मी जे बोललो, ते कोयनेवर नोकरी काढलेल्या माणसाने बोलायला नको होतं. दुसऱ्यांच्या धरणासाठी आपल्या पोरीने दरडीखाली का उभं राहायचं, असं म्हणालो. अण्णा घाटावरून कोयनेला कामाला गेले तेव्हा आजी त्यांना हेच म्हणाली असणार.

तू गेल्यापासून भूतानच्या त्या पुनात्सांगछू जलविद्युत प्रकल्पाबद्दल मिळेल ते वाचतोय. 2008 मध्ये काम निघालं. 2013 च्या जुलैत उजव्या तीरावरचा डोंगर सरकला, आणि धरणाची भिंत वर्षानुवर्षं अडली. त्याच नदीवर खाली 1020 मेगावॅटचा दुसरा प्रकल्प पुरा होऊन चालू झाला, तुमचा 1200 चा मागे राहिला. म्हणजे तो डोंगर साधा नाही. पावसात उजव्या तीराला जाऊ नकोस. हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

नकाशा उघडून पाहिला. दक्षिणेला फुन्शोलिंगजवळ दोन-तीनशे मीटर उंची, उत्तरेच्या टोकाला सात हजारांच्या वर शिखरं, आणि मधलं अंतर आपण इथून पुण्याला जातो त्याहून कमी. एवढ्यात पाणी इतकं खाली येतं! समुद्र नाही, सपाट जमीन थोडी, राज्यघटनेतच लिहिलंय की साठ टक्के जमीन कायम जंगलाखाली राहिली पाहिजे. मग त्या देशाने विकायचं काय? उतरतं पाणी. ऐंशीच्या दशकात आपल्या सरकारने 336 मेगावॅटचा चुखा प्रकल्प बांधून दिला, साठ टक्के अनुदान आणि चाळीस टक्के कर्ज. वीज आपणच विकत घेतली आणि त्यांची तिजोरी भरायला लागली. पण आपला कोयनेचा शिवसागर जलाशय पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यात पुरवून वापरतो, तशी साठवण तिथल्या बहुतेक प्रकल्पांना नाही. पावसात वीज उतू जाते, थंडीत नद्या आटल्या की तेच आपल्याकडून वीज घेतात. पोफळीच्या कंट्रोल रूममध्ये मी एवढ्या शिफ्ट केल्या, पण पाण्यावर अख्खा देश उभा राहतो हे कधी असं डोळ्यांपुढे आलं नव्हतं. तू त्या कामावर आहेस याचा मला अभिमान आहे. त्या रात्री हे सांगायचं राहिलं.

त्यांच्या राजाचं वाचून मात्र बराच वेळ गप्प बसलो. चौथ्या राजाने 2006 मध्ये आपणहून मुलाला गादी दिली, 2008 मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुका झाल्या, आणि पासष्टाव्या वर्षी राजाने पायउतार व्हायचं हेही घटनेत आलं. लोकच नको म्हणत होते, तरी त्याने सत्ता सोडली. मला तुझी बॅग उचलून रिक्षात ठेवणंही जमलं नाही.

आणखी एक. 1994 च्या ऑक्टोबरात वर लुनानाकडे हिमनदीच्या पाण्याचा एक तलाव फुटला. पो छू नदीमधून लोंढा आला, पुनाखाच्या झोंगचं, म्हणजे किल्ल्यासारख्या मठाचं, नुकसान झालं, एकवीस माणसं गेली. ते पाणी तुमच्याच नदीत उतरतं. सायरन आहे ना? तुमची राहायची खोली नदीपासून किती वर आहे ते आकड्यात कळव, 'बरीच वर' असं नको. पुन्हा सुरू झालो मी. रागावू नकोस. 2021 च्या जुलैत वाशिष्ठी आपल्या घरात शिरली तेव्हा तू पुण्याहून फोन करत होतीस आणि फोन लागत नव्हता. ती रात्र तू कशी काढलीस हे कधी सांगितलं नाहीस. माझ्या आता रोजच तशा रात्री आहेत.

1967 च्या भूकंपात आजीने मला पहाटे गोधडीसकट उचलून बाहेर आणलं, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला फक्त थंडी आठवते, आणि अण्णा त्या अंधारात धरणाकडे पळाले ते. आजी त्यांना थांब म्हणाली नव्हती.

अलोऱ्याच्या क्वार्टरची मागची भिंत तुला आठवते? 2000 साली धक्के बसले आणि तिला खिडकीपासून खाली भेग गेली. मी काचेची एक पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना प्लास्टर लावलं, कडेला पेन्सिलीने तारीख घातली. भिंत हलली तर काच तडकेल, एवढंच तुला सांगितलं होतं. तू पाच वर्षांची. शाळेत जायच्या आधी वेणी अर्धी घातलेली असताना स्टुलावर चढायचीस, काचेवर बोट फिरवायचीस आणि ओरडायचीस, "बाबा, आज नाही हलली!" मग मी कामावर निघायचो.

आईने लोणच्याची बरणी बॅगेत तळाशी ठेवलीय, झाकण बघून घे. तिथे मिरचीचीच भाजी करतात म्हणे, चीज घालून. तुला आवडेल. तुमचं घड्याळ आपल्या अर्धा तास पुढे आहे, हे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. साइटवरून परत आलीस की फोन कर, माझ्या फोनवर. डोंगराची रीडिंग तुम्ही रोज घेता की आठवड्याने? आज हलला नाही, एवढं सांगितलंस तरी चालेल.

तुझे,
बाबा