लिनक्सवाल्यांनाही घरून काम करायचंय

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी इंदूरमधल्या एका छोट्या हिशेबाच्या ऑफिसात कंप्युटर सांभाळतो, आमची अर्धी मंडळी घरूनच काम करतात आणि जुने लॅपटॉप टाकून द्यायला नकोत म्हणून सगळ्यांवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम) घातलंय. व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित रस्ता, घेताना मी विक्रेत्याला तीनदा विचारलं की लिनक्सवर चालेल ना, तर म्हणाला साहेब सगळ्यावर चालतं. पैसे भरल्यावर कळलं की त्यांचं लिनक्सचं अ‍ॅप एका जुन्या व्हर्जनपुरतंच आहे, कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाला आणि ते बंदच पडलं, तेही नेमकं जीएसटी रिटर्नची 20 तारीख तोंडावर असताना. सुदामा नगरच्या आमच्या एक ताई दोन वर्षांच्या लेकराला आईकडे ठेवून तीन दिवस ऑफिसात येऊन बसल्या. मला फार वाईट वाटलं, त्यांची यात काय चूक?

मग आम्ही वायरगार्ड नावाचं दुसरं व्हीपीएन लावलं. ते 2020 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, 5.6 व्हर्जनपासून, म्हणून अपडेट आला तरी बाहेरचं अ‍ॅप तुटायची भानगड नाही. प्रत्येक लॅपटॉपची वेगळी किल्ली (पासवर्डसारखा गुप्त कोड), दहा-बारा ओळींची एक फाइल, ती इम्पोर्ट केली की झालं. परवा पावसात ताईंच्या घरची लाइट गेली, वायफाय बंद, त्यांनी मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं आणि व्हीपीएन तसंच चालू, पुन्हा लॉगिन करावं लागलं नाही. एकच काळजी घ्या, त्या फाइलमध्येच किल्ली असते, तेव्हा ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका आणि कोणी नोकरी सोडली की सर्व्हरवरून त्याची किल्ली त्याच दिवशी काढा.

एक अडचण आहे, वायरगार्ड यूडीपीवरच (नेटवर डेटा पाठवायची एक पद्धत) चालतं आणि काही हॉटेलांच्या, कॉलेजांच्या वायफायवर ते अडवलेलं असतं, म्हणून जोडीला ओपनव्हीपीएन हे आणखी एक व्हीपीएन टीसीपी या दुसऱ्या पद्धतीने 443 पोर्टवर (नेटचं 443 नंबरचं दार म्हणा) ठेवलंय, थोडं हळू चालतं पण सुरक्षित वेबसाइट्सचाच पोर्ट असल्यामुळे तो सहसा कोणी बंद करत नाही. पासवर्डबरोबर ओटीपी पण हवा असेल तर ओपनव्हीपीएनच सोयीचं पडतं. पीपीटीपी हे जुन्या पद्धतीचं व्हीपीएन मात्र राउटरमध्ये फुकट मिळतं म्हणून कृपा करून लावू नका, त्यात पासवर्ड तपासायची जी पद्धत वापरतात ती 2012 मध्येच फोडून दाखवलीय, आणि तुमच्या ग्राहकांचे पॅन नंबर, बँकेचे कागद सगळे त्याच रस्त्याने जातात हो!

माझी ऑफिसवाल्यांना कळकळीची विनंती आहे, चेक देण्याआधी ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या लिनक्स लॅपटॉपवर, मोबाइलच्या नेटवरून, निदान आठवडाभर चालवून बघा. आणि विक्रेत्यांनीही कोणत्या लिनक्सवर, कोणत्या व्हर्जनवर चालतं आणि अपडेट झाल्यावर कोण दुरुस्त करणार हे कोटेशनमध्येच लिहून द्यावं, आम्ही तर आता त्याशिवाय सही करत नाही.

आपला,
एक वाचक, इंदूर