पाखऱ्याच्या ताईंस

ताई, सप्रेम नमस्कार.

वयानं तुम्ही माझ्या धाकट्या लेकीएवढ्या, पण आमच्या कुत्र्याला, पाखऱ्याला, शिकवण्याच्या बाबतीत मोठ्या, म्हणून ताईच म्हणतो. फोनवर मला आभार मानता येत नाहीत. "बरं, ठेवतो" म्हणून मी मोकळा होतो. पोस्टात ३५ वर्षं काढलीत, मला पत्रच जमतं. आणि हे पत्र पाकिटात न घालता उघडंच ठेवतोय. आमच्यासारखं भित्रं आणि उधळं कुत्रं पुष्कळांच्या घरी असणार, त्यांनीही वाचावं.

आमच्या उदगीरकडे कारवानी कुत्रं म्हणजे शेतावरचं. बारीक कंबर, लांब तोंड, नजर कायम क्षितिजावर. आमच्या लहानपणी लोक त्यांना सशांमागे सोडायचे. आता तो गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी हीच कुत्री नावारूपाला आणली. २००५ मध्ये टपाल खात्यानं चार भारतीय जातींच्या कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. ती तिकिटं मी काउंटरवर अभिमानानं विकली. पण ते तिकिटावरचं कुत्रं कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर आणलं की काय होतं, हे मुलानं पाच महिन्यांचा पाखऱ्या घरी आणल्यावर कळलं.

कुकरची शिट्टी झाली की हा पलंगाखाली. बेल वाजली की दारावर धडका. पार्किंगमध्ये पोरं पळाली की हाही सुटला. एकदा तर गळ्यातल्या पट्ट्यातून मागच्या मागे डोकं काढून पौड रोडच्या दिशेनं असा गेला, की तासाभरानं सापडेपर्यंत सूनबाई रस्त्यावर बसून रडत होती. आधी एक प्रशिक्षक लावले होते. पंधरा दिवसांत सरळ करतो म्हणाले, गळ्यात फासाची साखळी घातली. पंधरा दिवसांनी कुत्रं खरंच गप्प झालं. कुणी हात वर केला तरी जागच्या जागी मुतायचं. मला तेव्हा ते सुधारल्यासारखं वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

मग तुम्ही आलात. आलात आणि त्याच्याकडे पाठ करून फरशीवर बसलात. चाळीस मिनिटं! हात लावला नाही, हाक मारली नाही, अधूनमधून पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा मागे टाकत राहिलात. मी आतल्या खोलीत बायकोला म्हणालो, "हिला याचे पैसे द्यायचे?" जाताना तुम्ही दोनच गोष्टी सांगितल्यात. गॅरंटी देत नाही, आणि आधी डॉक्टरांकडून त्याचे कान तपासून घ्या. कानात खरंच जखम निघाली. दुखत्या कानानं कुकर ऐकणाऱ्या जिवाला आम्ही नाटकी म्हणत होतो.

पुढचे महिने तुम्ही कुत्र्यापेक्षा घरच जास्त बदललंत. एका "बस"साठी आमच्याकडे पाच शब्द होते: बस, बैठ, सिट, खाली बस, आणि माझं "अरे बस की लेका". तुम्ही फ्रिजवर एकच शब्द लिहून चिकटवलात. कुकरची शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून आधी अगदी हळू, ऐकू येईल न येईल अशी, आणि शिट्टी संपताच पनीर; मग रोज किंचित मोठी. कुठं त्यानं खाणं सोडलं की आवाज परत कमी. (आमच्या घरात पनीर पाहुण्यांसाठी यायचं. आता पाहुण्यांना पोहे.) फिरायला नेताना भरभर चालवून दमवायचं नाही, वास घेऊ द्यायचा, गवतात दाणे टाकून शोधायला लावायचं. मी म्हणायचो, पळवल्याशिवाय याची मस्ती कशी जिरेल? तुम्ही विचारलंत, "हा दिवसातून झोपतो किती?" आम्ही मोजलं. जेमतेम आठ तास, तेही दचकत. एवढ्या वाढीच्या पिल्लाला त्याच्या दुपटीनं झोप लागते म्हणालात. ते उधळणं मस्तीचं नव्हतं, थकलेल्या लेकराची किरकिर होती.

तुम्ही त्याला एक हक्काची जागा द्यायला सांगितलीत, तेव्हा मी माझ्या आईच्या हातची वाकळ काढून दिली. सगळ्यांना आश्चर्य वाटलं, मलाही. वाकळीवर असताना त्याला कुणी शिवायचं नाही, हाक मारायची नाही, झाडूही तिथून वळवायचा. आज "वाकळ" म्हटलं की तो बेल वाजली तरी तिथं जाऊन बसतो. नेहमी नाही. दहातल्या सात वेळा धरा.

सूनबाईला दिवस गेले तेव्हा नातेवाईक एकच म्हणाले, कुत्रं देऊन टाका. तुम्ही टाका म्हणाला नाहीत, ठेवा असंही म्हणाला नाहीत. "तयारी करू, मग बघू" म्हणालात. ती बाळंतपणाला माहेरी गेली ते तुमच्या पथ्यावर पडलं. तोवर रिकामी बाबागाडी घेऊन मी आणि पाखऱ्या सोसायटीत फेऱ्या मारायचो. लोक हसायचे. बाळाच्या रडण्याचा आवाज कुकरसारखाच हळूहळू मोठा केला. स्वयंपाकघराच्या दाराला जाळीचं फाटक बसवलं. आणि मुसकं. तुम्ही जाळीचं मुसकं काढलंत तेव्हा माझा चेहरा पडला. खळ्यावर मळणीच्या बैलांना मुसकी बांधायचो आम्ही, दाण्याला तोंड लावू नये म्हणून. ते बैल डोळ्यासमोर आले. तुम्ही मुसक्याला आतून दही लावलंत आणि नुसतं समोर धरलंत. तिसऱ्या दिवशी तो स्वतः तोंड घालू लागला. कधी गरज पडली तर त्या वेळी झटापट नको, एवढ्यासाठीच ते.

सव्वा महिन्यानं लेकरू घरी आलं. घर पाहुण्यांनी भरलं होतं, म्हणून तुमच्या सांगण्यावरून मी आणि पाखऱ्या संध्याकाळभर गच्चीवर. लाडू खाली, आम्ही वर. भेट दुसऱ्या दिवशी झाली, लांबून, दोरी सैल ठेवून. त्यानं हवेत वास घेतला आणि जांभई दिली. ती जांभई झोपेची नसते, अवघडल्याची असते, हे तोवर मला कळत होतं.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ती गोष्ट नंतरची. नात नऊ महिन्यांची, रांगती. मी शेजारीच पेपर वाचत होतो. खिडकीपाशी झोपलेल्या पाखऱ्याची शेपटी तिनं मुठीत धरली आणि तो गुरगुरला. खोल, घशातून. माझ्या हातातल्या पेपरची गुंडाळी झाली आणि हात वर गेला. तिथं तुमचं वाक्य आडवं आलं: गुरगुरणं मारून बंद केलंत, तर तो गुरगुरायचं सोडेल, चावायचं नाही. मी पेपर खाली ठेवला, लेकराला उचललं आणि लांब गेलो. हात थरथरत होते. रात्री दहाला तुम्हाला फोन केला तर म्हणालात, "त्यानं तोंडानं सांगितलं, दातांनी नाही. आता तुम्ही दोघांच्या मधे वेळेत जायला शिका."

आमच्या खात्यात पोस्टमनना कुत्री चावायची, वर्दी फाटलेली असायची, आणि सगळे सांगायचे, "साहेब, अचानक चावलं." आता वाटतं, त्या कुत्र्यांनी आधी किती वेळा सांगितलं असेल.

तेव्हापासून दोघांना एका खोलीत एकटं ठेवत नाही. दूध उतू गेलं तर जाऊ दे, आधी लेकरू उचलायचं. आणि पाखऱ्या काय करतो? ती रांगत आली की उठतो, तोंड वळवतो आणि वाकळीवर जातो. तिलाही कळलंय की तिथं जायचं नाही. तिचा पहिला शब्द "आजोबा" व्हावा म्हणून मी महिनाभर खपलो. ती "वाक" म्हणाली.

तुमची शेवटची फी मुलानं पाठवली, तुम्ही निम्मी परत केलीत. तो हिशेब मला मान्य नाही. पौषात गावाकडे हुरड्याला या, तिथं मिटवू. पाखऱ्यालाही नेणार आहोत. दोरी सोडणार नाही, काळजी नसावी. शेतात अजून ससे आहेत.

तुमचा,
पाखऱ्याचा आजोबा