हरलेला डाव मागून घेणाऱ्या काकांना

काका, सा. न.

असं चारचौघांत पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. तुमचं नाव घालणार नाही, कबूल. दांडिया बाजारात नि रावपुऱ्यात ज्यांना कळायचं त्यांना नावाशिवायही कळेल. पण या एक तारखेला बुद्धिबळाच्या रेटिंगची, म्हणजे खेळाच्या ताकदीच्या आकड्यांची, नवी यादी लागली, लेकीच्या नावापुढे १४३२ दिसलं, आणि घरात पेढे कोण आणणार यावरून गलका चाललेला असताना ती एकटीच कोपऱ्यात बसून म्हणाली, "आई, काकांनी लिहून घेतलेला डाव ह्यात धरलेलाच नाही." तेव्हापासून मला काही सुचत नाहीये.

खरंच धरलेला नाही. फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचा, नियमच तसा आहे. ज्याला अजून रेटिंग नाही त्यानं पहिल्या स्पर्धेत शून्य केलं तर ती स्पर्धा हिशेबातच घेत नाहीत. शून्य म्हणजे माझ्या मुलीचंच वर्णन. नऊ फेऱ्या, आठ हार आणि एक बाय. खेळाडू विषम झाले की तळाच्या खेळाडूला न खेळता गुण देतात, तो तिला मिळाला. घरी येऊन तिनं आजीला सांगितलं, "एक जिंकले." आजीनं दृष्ट काढली. मी काही बोलले नाही.

दोन वर्षांपूर्वीचा मे. बाहेर बडोद्याचं ऊन, आत पालकांना मज्जाव, म्हणून आम्ही सगळ्या आया व्हरांड्यात पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसलेल्या. दार उघडलं की सगळ्यांच्या माना एकदम वळायच्या. पोराचा चेहरा पाहूनच निकाल कळतो, विचारावं लागत नाही. तरी बहुतेकजणी विचारायच्याच. एक बाप तर दारातच, सगळ्यांसमोर, "हा चेकमेट दिसला नाही तुला?" म्हणून पोराच्या टाळक्यात मारत होता.

चौथ्या फेरीला माझी बाहेर आली ती रडत. तो डाव सगळ्यांत लांब चालला होता, म्हणून मला उगाच आशा लागली होती. ती माझ्याकडे आलीच नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली. तिथे तुम्ही होता. मांडीवर तो तुमचा लाल कापडी बांधणीचा चोपडा, दिवाळीत चोपडापूजनाला व्यापारी घेतात तसला. मला वाटलं, स्पर्धेच्या वर्गणीचा हिशेब लिहिताय.

हरलीस का, असं तुम्ही विचारलं नाहीत. रडू नको असंही नाही. म्हणालात, "कागद आणलास का?"

तिनं मुठीत चुरगळलेली कार्बनची प्रत पुढे केली.

"हा डाव मला हवाय. उतरवून घेऊ?"

"मी हरलेय."

"ते शेवटी लिहीन. आधी चाली सांग, माझा चष्मा घरी राहिलाय."

चष्मा तुमच्या खिशात होता, काका. मला दिसत होता.

मग ती वाचत गेली आणि तुम्ही लिहीत गेलात. इंग्रजी अक्षरं नाहीत. अ, ब, क, ड करत ह पर्यंत पट्ट्या आणि घोड्याला घ, वजिराला व. चौदाव्या चालीला तुम्ही थांबलात. "हत्ती ड१ वर का आणलास?" ती म्हणाली, "तिथला रस्ता मोकळा होता म्हणून." तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं त्या चालीपुढे एक उद्गारचिन्ह, चांगल्या चालीला देतात ते, ओढलंत, ठळक, दोनदा गिरवून. तिनं मान वाकडी करून ते पाहिलं. डोळ्यांतलं पाणी तोवर वाळलं होतं, नाक मात्र वाहत होतं.

एकोणिसाव्या चालीला तिचा आवाज बारीक झाला. ब७ चं प्यादं फुकटात मिळतंय म्हणून तिनं वजीर आत घातला होता आणि मग त्याला बाहेर यायला घर उरलं नाही. माझ्यासारख्या अडाणी बाईलाही एव्हाना कळतं की अशा चालीपुढे प्रश्नचिन्ह घालतात, दोन-दोन घालतात. तुम्ही चाल लिहिलीत आणि पुढची विचारलीत. शेवटी 'काळा जिंकला', त्याखाली तिचं पूर्ण नाव आणि वर कोपऱ्यात डावाचा क्रमांक: २१६०. चोपडा मिटून म्हणालात, "जा, उसाचा रस पी. पाचवी फेरी अडीचला."

पाचवीही ती हरली. पण त्या रात्री झोपताना मला म्हणाली, "माझा नंबर दोन हजार एकशे साठ आहे." रँक विचारली असती तर शेवटून पहिली होती.

तुम्हाला हे किरकोळ वाटेल. म्हणून आधी काय झालं होतं ते सांगते. तुमच्याकडे येण्यापूर्वी ती दीड वर्ष एका क्लासला जात होती. नाव नाही घेत. वर्षाची फी आगाऊ, टी-शर्टचे पैसे वेगळे. पुढच्या रांगेत चार 'स्टार', ज्यांचे फोटो चौकातल्या फ्लेक्सवर. बाकीच्या पोरांना मागे कोड्यांचे झेरॉक्स. सरांनी तिचा एक डाव कधी पूर्ण पाहिला नाही. एकदा ओळीनं तीन हरली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेन, हिला ड्रॉइंगमध्ये टाका." ड्रॉइंगवाल्यांचाही अपमानच की हा! आणि एका पदाधिकाऱ्यांनी "निवड यादीत नाव आहे, कळवतो" म्हणून सांगितलं. कळलं ते स्पर्धा संपल्यावर, दुसऱ्या मुलीच्या आईच्या स्टेटसवरून. त्याच गृहस्थांच्या स्पर्धेत सत्कार दीड तास चालले होते आणि मुलं घड्याळं लावून, हात मांडीवर घेऊन बसली होती.

या लोकांकडेही वह्या होत्याच, पण त्यांत फक्त ट्रॉफ्या मांडलेल्या.

तुमच्या चोपड्यांबद्दल मला नंतर कळलं. तीन झालेत म्हणे. पहिल्यातला पहिला डाव तुमच्या घरच्या ओट्यावरचा. तुम्ही आणि तुमचे शेजारी, एक पट आणि हरवलेल्या काळ्या हत्तीच्या जागी दोऱ्याचं लाकडी रीळ. ते रीळ अजून त्या डब्यात आहे, नवीन मुलांना तुम्ही मुद्दाम त्याच पटावर बसवता, हेही मला ठाऊक आहे. तुमच्या वडिलांनी तुम्हाला देशी पद्धतीनं शिकवलं होतं: प्यादं एकच घर चालणार, किल्लेकोट नाही, आणि शह बसायच्या आत राजाला घोड्यासारखी एक उडी माफ. विलायती नियम तुम्ही मोठेपणी शिकलात, आणि पहिल्याच बाहेरच्या स्पर्धेत राजाला उडी मारायला लावून पंचांची बोलणी खाल्लीत. तुम्ही हे हसत सांगता तेव्हा मुलं लोळतात. उडी मारणारा राजा त्यांना फार आवडतो.

ओट्यावरून देवळामागची खोली, तिथून शाळेचा वर्ग, मग मांजलपूर, कारेलीबाग, गोत्री, वाघोडिया रोड. कुठेही पाटी लावली नाहीत. तुमची पद्धत एकच: मोठा झालेला पोरगा आला की त्याच्या हातात पटांची पिशवी द्यायची आणि म्हणायचं, "तुझ्या सोसायटीत रविवारी मांड." मग चार महिन्यांनी त्या सोसायटीतली पोरं या सोसायटीतल्या पोरांशी खेळणार, आणि जोड्या तुम्ही लावणार, कॉम्प्युटर असूनसुद्धा एकदा हातानं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातली खेळाडूंची कार्डं टेबलावर पसरून सारख्या गुणांची चळत करताना तुम्हाला पाहिलं की मला आमच्या आजोबांचा पत्त्यांचा पेशन्स आठवतो. जिल्ह्याची संघटना आज जी काही उभी आहे, तिला खालून एवढी मुलं मिळतात ती या पिशव्यांमुळे. वर बसलेल्यांना हे माहीत आहे. अध्यक्षपदासाठी तुम्हाला दोनदा विचारलं आणि तुम्ही दोनदा "रविवारी वेळ नसतो" म्हणालात. बैठक बुधवारी असते.

२४ डिसेंबर २०१० ला अहमदाबादेत वीस हजारांवर माणसं एकाच वेळी पटावर बसली, विश्वनाथन आनंद आला होता, गिनेसमध्ये नोंद झाली. मी तेव्हा नोकरीत नवीन, टीव्हीवर पाहिलेलं. तुमच्याकडे कुणीतरी तो विषय काढला तर तुम्ही म्हणालात, "छान झालं. पुढच्या रविवारी त्यातले किती बसले?" कुचकटपणे नाही, खरोखर जाणून घ्यायचं होतं तुम्हाला. म्हणूनच तेजस बाकरेंचं नाव निघालं, गुजरातचा पहिला ग्रँडमास्टर आणि आपला मराठी म्हणून आम्ही सगळे फुगलो, तरी तुम्ही पोरांना तो ग्रँडमास्टर झाला हे सांगितलं नाहीत, त्याचा एक डाव मांडलात.

आणि खाडिलकर भगिनींची गोष्ट. आमच्या सोसायटीतले एक सद्गृहस्थ म्हणाले होते, "मुलींचा गट वेगळा आहे ना, तिला मुलांत कशाला खेळवता?" तुम्ही वाद घातला नाहीत. पुढच्या रविवारी सगळ्यांना बसवून सांगितलंत की महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ ला सुरू झाली आणि पहिली जवळजवळ दहा वर्षं तिचं विजेतेपद मुंबईच्या तीन बहिणींच्या घराबाहेर गेलं नाही: वासंती, जयश्री, रोहिणी. त्यांतली धाकटी रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेरा वर्षांची. त्यावरून इतका गदारोळ झाला की प्रकरण हायकोर्टात गेलं आणि शेवटी फिडेचे अध्यक्ष माक्स यूवे यांना सांगावं लागलं की बाईला अडवता येणार नाही. सद्गृहस्थ मागे उभे राहून ऐकत होते. आता त्यांची नात येते. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून तर गोत्रीच्या वर्गात मुलींना सतरंजी पुरत नाही.

माझी मुलगी काही दिव्या होणार नाही, हे मी आणि तुम्ही दोघंही जाणून आहोत. १४३२ म्हणजे काय? मार्च २०२४ पासून १४००च्या खाली रेटिंगच देत नाहीत, म्हणजे उंबऱ्याच्या आत जेमतेम पाऊल. तेवढ्यासाठी दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत ती किती हरली याचा हिशेब चोपड्यात आहे आणि त्यातला एकही डाव ती लपवत नाही, हे मला १४३२पेक्षा मोठं वाटतं. शाळेत गणितात सव्वीस मिळाले तेव्हा पेपर आपणहून टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाली, "सहावं बघ, ते मी बरोबर सुरू केलं होतं." हे कुठून आलं ते मला विचारायची गरज पडली नाही.

कधी कधी वाटतं, चांगली माणसं काही फार मोठं करत नाहीत. ती समोरच्याच्या वाईट दिवसाकडे पाठ करत नाहीत, इतकंच. बँकेत काउंटरला बसून मी रोज शंभर माणसं पाहते. पासबुक पुढे सरकवताना 'आज्जी, इथे सही' असं वर बघून म्हणणारे आमच्यात किती आहेत, ते मी बोटांवर सांगू शकेन. मीही रोज म्हणते असं नाही. तुमच्या जिन्यावरचा तो मे महिना पाहिल्यापासून जरा जास्त म्हणते.

आता मुद्द्याचं. उत्तरायणानंतर तुमचा हात थरथरायला लागला, तुम्ही कुणाला बोलला नाहीत आणि तीन रविवार चोपडा कोराच राहिला. चौथ्या रविवारी तुम्ही पेन माझ्या लेकीकडे दिलंत. "तुझं अक्षर बरं आहे," म्हणालात. तिचं अक्षर अजिबात बरं नाही, काका. पण ती आता जिन्याच्या खालच्या पायरीवर बसते. परवा पाच-सहा वर्षांचा एक पोरगा दहा चालींत मात खाऊन, सॅंडल हातात घेऊन रडत बाहेर आला. त्याला चाली लिहिता येत नाहीत, मग कागद कुठला. हिनं त्याला आत नेलं, रीळवाल्या पटावर तो डाव पुन्हा मांडून घेतला आणि विचारत विचारत लिहिला. मी मुद्दाम डोकावून पाहिलं. चौथ्या चालीपुढे उद्गारचिन्ह होतं. मी विचारलं, कशाबद्दल? म्हणाली, "घोडा बरोबर अडीच घर चालवला त्यानं, न विचारता."

चोपड्याची चौदा पानं उरलीत, असं ती सांगते. दिवाळीला अवकाश आहे, तेवढं पुरणार नाही. शनिवारी मी मांडवीत जाणारच आहे, येताना नवा घेऊन येते. पैशांचं काही बोलायचं नाही. लाल कापडाचाच ना? आणि रेघांचा, की कोरा?

तुमची,
२१६० ची आई