कंपवाताच्या रुग्णाला जुगाराबद्दलही विचारा

मा. संपादक,

कंपवाताचा रुग्ण तपासणीला आला की थरथर, चालणे, तोल आणि झोप यांची चौकशी होते. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल सुरू असेल तर आणखी चार गोष्टी विचारायलाच हव्यात: जुगार, नको इतकी खरेदी, अधाशासारखे खाणे आणि अचानक वाढलेली कामेच्छा. ही औषधे डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचे काम करतात, पण हालचालींबरोबर मेंदूतली सुखाची आणि हव्यासाची केंद्रेही चेतवतात. अमेरिका व कॅनडातील ३,०९० रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात या गटातली औषधे घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ६.९ टक्के रुग्णांत यातले काही ना काही आढळले.

आपल्या खानदेशात केळीचे, कापसाचे पैसे मटक्यावर गेले किंवा सराफाकडे उधारी चढली, तर घरचे ‘म्हातारपणी चळ लागला’ म्हणून गप्प बसतात. हा चळ गोळीचा असू शकतो. तो कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी सुरू होतो, म्हणून औषधाशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही.

‘काही त्रास आहे का?’ असे विचारून काहीच हाती लागत नाही, कारण रुग्णाला तो त्रास वाटतच नाही. नेमके विचारावे: महिन्याभरात उसने पैसे घेतले का? लॉटरी, मटका, मोबाइलवरची रमी? रात्री उठून खाता का? वजन दर वेळी करावे. पती किंवा पत्नीशी वेगळे बोलावे. कामेच्छेचा प्रश्न पत्नीला नर्सबाईंनी विचारला तर उत्तर मिळते, मुलासुनेसमोर कधीच नाही. तासन्‌तास एखादी वस्तू उघडत-जोडत बसणे, महिन्याच्या गोळ्या आधीच संपणे, हेही टिपावे. ‘क्विप’ ही प्रश्नावली रुग्ण किंवा नातेवाईक भरू शकतात. तिच्यात ‘हो’ आले म्हणजे निदान झाले असे नाही. त्यानंतर सविस्तर बोलणे लागते. रुग्ण वयाने तरुण असेल, पूर्वी जुगार किंवा दारू असेल, तर औषध सुरू करण्यापूर्वीच घरच्यांना सावध करावे.

सर्वांत मोठी चूक यापुढे होते. कारण कळताच घरचे गोळी एकदम बंद करतात. मग अंग ताठरते, शिवाय घबराट, घाम, वेदना, नैराश्य सुरू होते, आणि घबराट-नैराश्याचा हा त्रास लेव्होडोपा हे कंपवाताचे मुख्य औषध वाढवूनही शमत नाही. डोस डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायचा असतो. तोवर एटीएम कार्ड, मोबाइलवरचे पैशांचे ॲप आणि शेतीची कागदपत्रे रुग्णाच्या संमतीने विश्वासू माणसाकडे द्यावीत.

पाय वळवळण्याच्या विकारासाठीही हीच औषधे देतात. तिथे तर हा विषय निघतच नाही.

धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी या चार प्रश्नांचा रकाना केसपेपरवर छापावा. औषध सुरू करताना, डोस वाढवताना आणि नंतर दर तीन ते सहा महिन्यांनी तो भरावा. मेडिकलवाल्यांनीही वर्षानुवर्षे जुन्याच चिठ्ठीवर ही गोळी न देता रुग्णाला फेरतपासणीला पाठवावे.

– कंपवाताच्या रुग्णांसोबत काम करणारे डॉक्टर व समुपदेशक, जळगाव