मोजायला शिकवणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार.

या पत्रात मी तुमचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. त्या रात्री बालरुग्ण विभागात तुमच्या रात्रपाळीत जी अनेक मुले दाखल झाली त्यांपैकी आमचा मुलगा एक होता, आणि आम्ही आज तुमच्या लक्षात असू असे मला वाटत नाही. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण माझ्या हातून जी चूक झाली ती आज रात्री दुसऱ्या कुठल्याही घरात होऊ शकते, आणि ती चूक पकडल्यावर तुम्ही आम्हाला जे शिकवले ते त्या घरांपर्यंतही पोहोचावे अशी माझी इच्छा आहे.

मुलगा तेव्हा ११ महिन्यांचा होता आणि त्याचे वजन ९ किलो होते. तापासाठी डॉक्टरांनी पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलिलिटर द्यायला सांगितले होते. त्या सिरपच्या दर ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध होते. दुसऱ्या दिवशी बाटली संपली म्हणून मी नवी आणली. नाव तेच होते, खोक्याचा रंगही जवळजवळ तोच होता, आणि ‘५ मिलिलिटर’ हा आकडा माझ्या डोक्यात इतका घट्ट बसला होता की खोक्यातून निघालेला ड्रॉपर मी बाजूला ठेवला आणि जुन्या बाटलीच्या मापानेच औषध पाजले. नवी बाटली सिरपची नव्हती, ड्रॉप्सची होती, आणि तिच्या एकेका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध होते. रात्री उलट्या आणि जुलाब सुरू झाले म्हणून आम्ही रुग्णालयात आलो. औषधाचा डोस चुकला आहे याची तोपर्यंत आम्हाला कल्पनाही नव्हती.

कोणते औषध दिले, असे तुम्ही विचारल्यावर मी नाव सांगितले. तिथे बहुतेक जण पुढच्या प्रश्नाकडे वळले असते. तुम्ही मात्र बाटली पाहायला मागितली, आणि नंतर विचारलेत, “कशाने मोजलं?” मी सांगितल्यावर तुम्ही एका कागदावर १०० गुणिले ५ असा गुणाकार केलात, उत्तराला ९ ने भागलेत आणि तो कागद माझ्याकडे फिरवलात. किलोमागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम द्यायचे असते आणि मी ५५ मिलिग्रॅमच्या वर दिले होते. तुम्ही एक शब्दही रागाने बोलला नाहीत. लगेच डॉक्टरांना बोलावले. एकदाच गेलेल्या तेवढ्या डोसाने धोका नाही, पण रात्रभर दर काही तासांनी तोच डोस जात राहिला असता तर यकृतावर परिणाम होऊ शकला असता, असे त्यांनी तपासून सांगितले. दुसऱ्या डोसाची वेळ आम्ही वाटेत असतानाच होऊन गेली होती. उलट्या झाल्या नसत्या तर तो डोस मी नक्की दिला असता.

“औषधाचं नाव पाठ करू नका, बाटलीवरचं प्रमाण वाचा,” हे तुमचे वाक्य आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांमध्ये ४ ते ६ तासांचे अंतर हवे आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त डोस देऊ नयेत, हे मला ऐकून माहीत होते. परंतु तेच औषध सर्दीच्या मिश्र औषधातही असू शकते आणि दोन्ही बाटल्या एकाच दिवशी वापरल्या तर बेरीज कुणाच्याच लक्षात येत नाही, हे मला माहीत नव्हते. घरातल्या चमच्यांनी औषध मोजू नये, कारण एका चमच्यात ३ मिलिलिटर मावते तर दुसऱ्यात ७, हे तुम्ही स्वयंपाकघरातून दोन चमचे मागवून, त्यांत सिरिंजने पाणी भरून दाखवलेत. मध्यरात्री, इतर कामे अडलेली असताना, एका गोंधळलेल्या बापासाठी कुणी एवढी तसदी घेते याचे मला त्या क्षणीही आश्चर्य वाटले होते.

पालकांना मिळणाऱ्या सल्ल्यात ‘योग्य प्रमाणात’, ‘पुरेसे’, ‘थोडे थोडे’ हे शब्द फार असतात, आणि घाबरलेल्या माणसाला त्यांचा काहीच उपयोग होत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे. तुम्ही प्रत्येक गोष्ट मोजून सांगितलीत. ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-ग्लुकोजच्या द्रावणाच्या, बाबतीत तर हे मला सर्वांत जास्त जाणवले. त्या संध्याकाळी माझ्या पत्नीने १ लिटरच्या पुडीतली अंदाजे अर्धी पावडर पेलाभर पाण्यात विरघळवली होती. घट्ट केले तर लवकर गुण येईल असा तिचा समज होता. आतड्यात मीठ आणि ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी आत खेचले जाते, म्हणून त्यांचे प्रमाण ठरलेले असते. द्रावण घट्ट झाले तर ते उलट शरीरातले पाणी आतड्याकडे ओढते आणि रक्तातले मिठाचे प्रमाणही वाढू शकते, हे तुम्ही तिला समजावलेत. मग एका बाटलीवर १ लिटरच्या खुणेला चिकटपट्टी लावलीत, पूर्ण पुडी त्यात रिकामी करायला लावलीत आणि उरलेले द्रावण २४ तासांनंतर फेकायचे हे पट्टीवरच लिहिलेत. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा द्यायचा, उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करायचे, प्रत्येक पातळ शौचानंतर त्याच्या वयाला ५० ते १०० मिलिलिटर गेले पाहिजे, हे सारे आम्ही त्या रात्री तुमच्या देखरेखीखाली केले. पहाटे त्याने लघवी केली तेव्हा तुम्ही वेळ लिहून ठेवलीत. तोपर्यंत लघवीची वेळ हीसुद्धा नोंदवण्याची गोष्ट असते हे मला ठाऊक नव्हते.

पुढे कुतूहलाने या पुडीविषयी वाचताना १९७१ सालच्या निर्वासितांच्या छावणीची हकिकत माझ्या वाचनात आली. पटकीची साथ होती, शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. त्या छावणीतल्या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. ज्यांनी जीव वाचवले त्यांतले बहुसंख्य लोक वैद्यकीय शिक्षण नसलेले आई-बाप आणि भाऊबंद होते, हे वाचताना मला चिकटपट्टी लावलेली ती बाटली आठवली.

झिंकच्या गोळीबद्दलही तुम्ही बजावले होते. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, आणि जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १० ते १४ दिवस पूर्ण. आम्ही १४ पूर्ण केले. तुमच्या शब्दांचा धाक नसता तर चौथ्या दिवशी थांबलो असतो, हे कबूल करतो.

तापाच्या बाबतीत तुम्ही आकड्याचे महत्त्व कमी केलेत, आणि तेही मला तितकेच उपयोगी पडले. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे. त्यापुढच्या वयात मात्र थर्मामीटरपेक्षा मूल कसे वागते आहे, पाणी पिते आहे का, डोळ्यांत डोळे घालून पाहते आहे का, हे आधी पाहायचे. मोजायचेच असेल तर श्वास मोजा, असे म्हणून तुम्ही झोपलेल्या मुलाचा सदरा वर करून माझ्याकडून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजून घेतलेत. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे डॉक्टरांकडे निघायची वेळ. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर क्षणभरही थांबायचे नाही. पुढच्या वर्षी खोकल्याच्या एका रात्री माझी मोजणी ५२ आली. आम्ही लगेच निघालो, आणि निदान न्यूमोनियाचे झाले. वेळेत उपचार मिळाल्यामुळे तो पाच दिवसांत बरा झाला.

एका बाबतीत मात्र तुम्ही मोजणे सोडायला सांगितलेत. माझी पत्नी मुलाच्या जेवणाचे चमचे वहीत लिहीत असे आणि ठरलेला आकडा पूर्ण होईपर्यंत त्याच्या मागे फिरत असे. ती वही तिने तुम्हाला अभिमानाने दाखवली. तुम्ही ती शांतपणे मिटून ठेवलीत. काय आणि केव्हा वाढायचे ते आपण ठरवायचे, किती खायचे ते मुलाने. तोंड फिरवले की जेवण संपले, असे तुम्ही सांगितलेत तेव्हा आम्हा दोघांनाही ते बेजबाबदारपणाचे वाटले होते. परंतु तुम्ही जबाबदारी कमी केली नव्हती, तिची जागा बदलली होती. सहा महिन्यांनंतर बाळाच्या शरीरातला लोहाचा साठा कमी होत जातो, म्हणून ताटात कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या, अंडे किंवा मांस आणि सोबत क जीवनसत्त्व असलेले एखादे फळ आहे का, हे आमचे काम. वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा फार जास्त दूध पाजून आपणच त्याची भूक मारत नाही ना, हे पाहणेही आमचेच काम. एखादी भाजी त्याने नाकारली तर ती आठ-दहा वेळा पुन्हा समोर ठेवावी लागू शकते, आणि दर वेळी न रागावता. आजारातून उठल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यायचे. चमच्यांऐवजी महिन्यातून एकदा वजन मोजायचे आणि वाढीच्या तक्त्यावरची रेघ कुठे चालली आहे ते पाहायचे. ती वही बंद झाल्यावर आमच्या घरातली जेवणाची वेळ किती शांत झाली, हे तुम्हाला कळवायचे राहून गेले होते.

घरी सोडण्याच्या दिवशी तुम्ही बाकावर आमच्याशेजारी बसून पंधराएक मिनिटे जे सांगितलेत त्यातला ‘२०’ हा आकडा दीड वर्षाने कामी आला. मुलाने टेबलावरचा गरम पाण्याचा पेला ओढला आणि त्याचा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. कुणी टूथपेस्ट आणली, कुणी बर्फ काढला. मी त्याचा हात नळाच्या साध्या थंड, वाहत्या पाण्याखाली धरला आणि घड्याळाकडे पाहत २० मिनिटे तसाच ठेवला, बाकीचे अंग टॉवेलात गुंडाळून. रडणाऱ्या मुलाला धरून उभे राहिले की २० मिनिटे फार लांबतात. समोर घड्याळ नसते तर मी तिसऱ्या मिनिटाला पाणी बंद केले असते. नंतर स्वच्छ कापड सैल गुंडाळून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. आज त्या हातावर डाग शोधावा लागतो.

त्याच बैठकीतल्या काही गोष्टी मी इतरांसाठी इथे नोंदवून ठेवतो. घड्याळातल्या किंवा रिमोटमधल्या चपट्या बटण-बॅटरीने अन्ननलिका २ तासांत भाजू शकते, म्हणून गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठायचे आणि उलटी काढायची नाही. एक वर्षाखालील बाळाला मध बोटावरसुद्धा चाटवायचा नाही, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. बादलीत तळाशी राहिलेले पाणीही रांगत्या मुलाला बुडवायला पुरते, आणि मूल बुडताना आवाज करत नाही. घशात अडकू नयेत म्हणून द्राक्षे उभी चिरायची. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीविना झोपवायचे.

सिस्टर, तुमच्या त्या कागदाचा मी फोटो काढून ठेवला होता, आणि त्यावरून केलेला एक तक्ता आमच्या औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्यावर मुलाचे वजन, तारीख आणि घरात असलेल्या प्रत्येक बाटलीचे किती मिलिलिटर द्यायचे ते डॉक्टरांकडून तपासून घेऊन लिहिलेले असते. सोबत दोऱ्याने बांधलेली एक सिरिंज असते. माझी बहीण आणि दोन मित्र तोच तक्ता आपापल्या घरी करून घेऊन गेले आहेत. तुम्ही जो वेळ आम्हाला दिलात त्याबद्दल आम्हा दोघांकडून मनःपूर्वक आभार. ज्या शांतपणाने तुम्ही तो कागद माझ्याकडे फिरवलात, त्याबद्दल माझ्याकडून वेगळे आभार. त्या वेळी तुम्ही ओरडला असता तर पुढची चूक मी बहुधा लपवली असती.

मुलगा परवा चार वर्षांचा झाला. काल त्याचे वजन केले, ते १५ किलो ६०० ग्रॅम भरले. तक्त्यावरची जुनी ओळ खोडून नवी लिहिली आहे.

तुमचा कृतज्ञ,
एका मुलाचा बाप