फोटो मागवा, पण चार ओळींसकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की आपल्या पेपरात पोरांनी केलेल्या किल्ल्यांचे फोटो यायला लागतात, गणपतीत घरच्या आराशीचे येतात, पावसाळ्यात धबधब्याचे नि सहलीचे येतात, आणि आमच्या घरात ते पान सगळ्यात आधी उघडलं जातं. साध्या माणसांचे घरगुती फोटो छापता हे मला मनापासून आवडतं. पण एक मागणी बरेच दिवस मनात आहे म्हणून लिहितेय. फोटोखाली पोराचं नाव आणि गाव एवढंच असतं, किल्ला कोणता, कुणी कुणी मिळून केला, माती कुठनं आणली, काहीच नसतं, आणि फोटोही नेहमी पूर्ण झालेल्या किल्ल्याचा, शेजारी हातपाय धुऊन नवे कपडे घालून उभं केलेलं पोर. तर किल्ला होत असतानाचा फोटो मागवा आणि त्यासोबत चार ओळी लिहून मागवा.

मागच्या दिवाळीत आमच्या बोळातल्या पोरींनी राजगड केला. विटा आणि डबर रचून वरनं चिखलात बुडवलेली पोती टाकली, बालेकिल्ला पटकन उभा राहिला, पण माच्या तीन, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी, त्यातली कुठली कुठल्या बाजूला यावरनं भांडणं झाली, शेवटी मोठीनं दादाच्या मोबाईलवर नकाशा काढून विटेला टेकवून ठेवला आणि मग काम सुरू झालं. संजीवनी सारखी घसरत होती, खाली पोत्याची घडी घालून टेकू दिला तेव्हा ती थांबली. हळीव पेरले ते एका बाजूला दाट उगवले, दुसऱ्या बाजूला ऊन लागत नव्हतं तिथं नुसती माती. माझ्याकडं त्या दिवसाचा एक फोटो आहे, त्यात किल्ला अर्धाच आहे, धाकटीच्या कोपरापर्यंत चिखल आहे, नकाशाचा मोबाईल आहे, आणि मागं पायरीवर बसून सगळ्यांना सूचना देणारे शेजारचे आजोबा आहेत. झालेल्या किल्ल्याचेही फोटो आहेत आणि ते छान आलेत, पण भांडण, टेकू, आजोबा हे सगळं या एकाच फोटोत आहे.

आता हे इतकं मनावर का घेतलं ते सांगते. मी सांगलीची. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला जो पूर आला, आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ फुटांवर, त्यात आमचा खालचा मजला पाण्यात होता आणि खालच्या कपाटातले सगळे अल्बम गेले. भांडी घासून घेता येतात, गाद्या नव्या करता येतात, पण अल्बम उघडला तर रंगीत फोटो वरच्या प्लॅस्टिकला चिकटलेले आणि ओढला की चेहराच प्लॅस्टिकवर निघून यायचा. गल्लीत घरोघरी हेच चालू होतं, बायका उन्हात सतरंजीवर फोटो वाळत घालत होत्या आणि ते वाळून गुंडाळी होत होते. (अशी वेळ कुणावर आलीच तर ओले फोटो एकमेकांपासून ओढू नका, स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सुटू द्या, सावलीत चेहऱ्याची बाजू वर करून वाळवा, आणि लगेच जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे सवड मिळते. पूर आपल्याकडं पुन्हा येणार आहे म्हणून हे छापलंत तर बरं होईल.)

तरी आमच्या घराचे बरेच फोटो परत मिळाले, आणि ते कसे मिळाले ते महत्त्वाचं आहे. वडिलांकडं आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता, एका रोलमध्ये १२ फोटो बसायचे, रोल संपला की धुवायला टाकायचा आणि प्रिंट आल्या की त्यातल्या बऱ्या फोटोंच्या जादा प्रती काढून आत्याला पुण्याला, मामाला मिरजेला, काकूला बेळगावला पाकिटातनं पाठवायच्या अशी त्यांची शिस्त. पुरानंतर आम्ही सगळ्यांना फोन केले आणि कुणी ट्रंकेतनं, कुणी देवघराच्या खणातनं फोटो काढून दिले. वाटलेले फोटो वाचले, घरात जपून ठेवलेले गेले. त्यातही वडिलांनी ज्यांच्या मागं लिहिलं होतं ते फोटो आल्या आल्या कळले, नृसिंहवाडी, पौष पौर्णिमा, डावीकडून अमुक अमुक, पाण्यात पाय सोडून बसलीय ती धाकटी, असं सगळं बारीक अक्षरात. आणि ज्यांच्या मागं काही नव्हतं त्यात घाटावर आजीच्या शेजारी नऊवारीतली एक बाई बसलीय, दोघी कशावर तरी इतक्या मनापासून हसतायत, आणि ती बाई कोण हे आज आमच्या घरात कुणालाही सांगता येत नाही. आत्यालाही नाही. आजीची एवढी जवळची मैत्रीण होती आणि तिचं नाव गेलं.

आता म्हणाल की हल्ली तर वाटणं किती सोपं झालंय. झालंय, आणि मी त्याच्या विरुद्ध अजिबात नाही, माझी बहीण अमेरिकेत आहे, इकडं कुरडया वाळत घातल्या की पाच मिनिटांत तिला फोटो जातो आणि ती रडते आणि हसते. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपवर गेलेला फोटो दाबून लहान होतो, त्यातली मूळ तारीख निघून जाते, पुढच्याकडं तो ज्या दिवशी पोचला त्याच दिवसाचा म्हणून साठतो. दोन वर्षांनी कुणीतरी तोच पुन्हा फॉरवर्ड करतं आणि मग सागरेश्वरला आपण कधी गेलो, सांबर दिसलं ती हीच खेप का आधीची यावर वाद. २०२३ पासून एचडीत पाठवायची सोय आलीय, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फोटो जसाच्या तसा जातो, तारीखही राहते. फक्त एक आहे, तसा पाठवला की लोकेशन चालू असलेल्या फोनमध्ये जागेचा पत्ताही सोबत जातो, म्हणून तो घरच्यांनाच पाठवावा. लहान पोरांचे गणवेशातले, शाळेचं नाव दिसणारे फोटो बाहेर सगळ्यांसाठी टाकू नयेत असंही मला वाटतं, आपल्या पेपरनंही हे पाळावं.

गूगल फोटोजमध्ये पूर्वी कितीही ठेवता यायचे, १ जून २०२१ पासून ते फुकटचं बंद झालं, आता ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं मिळून १५ जीबी, ते भरलं की पैसे भरा नाहीतर पुसा, आणि पुसायला बसलं की माणूस घाईत नको ते पुसतं. त्यातून निवडून थोड्या प्रिंट काढल्या तर काय बिघडतं? चार बाय सहा इंचाच्या चांगल्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, साध्यातला साधा फोनही त्याच्या कितीतरी पट काढतो. मागं लिहायचं ते बॉलपेन दाबून लिहू नये, पुढं वळ उठतात. जुन्या कागदी प्रिंटवर मऊ पेन्सिल चालते, आत्ताच्या गुळगुळीत प्रिंटवर बारीक मार्कर, आणि शाई वाळल्याशिवाय एकावर एक ठेवायच्या नाहीत.

घरच्या कामाचे फोटो हा तर मला फार जिव्हाळ्याचा विषय आहे. पुरानंतर आम्ही खालचं स्वयंपाकघर पुन्हा बांधलं तेव्हा भाच्यानं एक काम केलं, प्लॅस्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढला, वायरिंगचे पाइप, पाण्याची लाइन, सगळं उघडं दिसतंय आणि शेजारी मेजरिंग टेप धरलेली, कोपऱ्यापासून किती आणि जमिनीपासून किती ते वाचता येतं. फोटोवरच लिहिलं, ओट्यामागची भिंत, गरम पाण्याची लाइन उजवीकडून. परवा मांडणी ठोकायची होती, सुताराला फोटो दाखवला, त्यानं बोटानं माप घेतलं आणि सरळ ड्रिल मारलं. शेजारी तसंच काम करताना पाइप फुटला आणि नव्या टाइल्स फोडाव्या लागल्या. प्लंबर, गवंडी, वायरमन काम संपवून निघून जातात, भिंतीच्या आत काय आहे हे त्यांच्याही लक्षात राहत नाही, एवढ्या एका फोटोनं पुढच्या पन्नास वर्षांची सोय होते. त्या फोटोंत आमचे गवंडीही आहेत, डोक्याला पंचा बांधलेले, आणि त्यांचंही नाव आम्ही लिहून ठेवलंय कारण घर त्यांनी बांधलं.

असे फोटो आणि त्याच्या गोष्टी एकत्र ठेवायचं काम मुंबईतनं अनुषा यादव यांनी २०१० साली इंडियन मेमरी प्रोजेक्ट या नावानं सुरू केलं, लोक आपल्या घरातला जुना फोटो आणि त्यामागची हकिकत पाठवतात, फोटोत कोण आहे, ते कुठनं आले, काय काम करायचे, आणि ते वाचताना त्या घराबरोबर त्या काळातला देशही कळत जातो. हे इंग्रजीत चाललंय. मराठीत, आपल्या जिल्ह्याजिल्ह्यातनं हे करायला वर्तमानपत्राइतकं सोयीचं दुसरं काही नाही, कारण पेपर ज्या घरात जातो त्याच घरात त्या ट्रंका आहेत आणि फोटोतली माणसं ओळखणारे ऐंशी-पंच्याऐंशीचे आजी-आजोबाही तिथंच बसलेत, तेही सकाळी हाच पेपर वाचतात.

तेव्हा या दिवाळीला किल्ल्यांचे फोटो मागवाल तेव्हा चौकटीत एवढं छापा की काम चालू असतानाचा एक फोटो पाठवा, त्यात कोण कोण आहे ते डावीकडून उजवीकडं लिहा, कुठं आणि कधी ते लिहा, आणि काय अडलं नि कसं सुटलं ते दोन ओळीत लिहा. आठवड्यातनं एकदा एखादा जुना फोटोही छापा, ज्यातलं माणूस घरच्यांना ओळखता येत नाही असा, कुणीतरी वाचक ओळखेल. आमच्या आजीशेजारच्या त्या बाईंचा फोटो मी पहिला पाठवायला तयार आहे. जागेची अडचण असते ते समजतं, तशी वेळ आली तर फोटो थोडे लहान छापा पण खालच्या ओळी कापू नका.

आपली,
एक वाचक, सांगली